मुलूखमैदान तोफ

मुलूखमैदान तोफ : विजापूर (कर्नाटक राज्य, २०१४ पासून अधिकृत नाव विजयपुर) येथील शेरझा बुरुजावर असलेली सोळाव्या शतकातील प्रचंड ओतीव तोफ. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा स्वामी. ती १५४९ मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे निजामशाहीत ओतली गेली, पुढे परांडा येथील किल्ल्यात होती व १६३२ मध्ये युद्धातील लूट म्हणून विजापूरला नेण्यात आली. लढाईच्या कामातून ती निवृत्त झाल्याला तीन शतकांहून अधिक काळ लोटला. या काळात ती प्रेक्षणीय वस्तू, काही अंशी पूजेची वस्तू आणि दंतकथांचा विषय बनली. तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा गोष्टींची शहानिशा खुद्द तोफेवरूनच करता येते. कारण तिच्या अंगावर तीन फार्सी लेख कोरलेले आहेत, तिच्या धातूचे पृथक्करण झालेले आहे आणि तिची मापे उपलब्ध आहेत.

मराठी भाषेपुरता विचार केला, तर पहिली दंतकथा तिच्या नावातच आहे. ‘मलिक’ हा शब्द सामान्य मराठी श्रोत्याला अपरिचित आणि ‘मुलूख’ हा रोजच्या व्यवहारातला. त्यामुळे मलिक-ए-मैदानची मुलूखमैदान झाली. मलिक व मुल्क हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले असल्याने या अपभ्रंशात नात्यागोत्याबाहेरचे असे काही घडले नाही. परंतु अर्थ मात्र पालटला. रणांगणाचा स्वामी हा अर्थ मागे पडून, मुलखाचे मैदान करून टाकणारी असा अर्थ नव्या नावातून सहजच निघू लागला. फडर्‍या वक्त्याला मुलूखमैदान तोफ म्हणण्याचा प्रघात याच अर्थावर उभा आहे. विजापूर कधी न पाहिलेल्या मराठी माणसालाही ही तोफ ठाऊक असते, ती अशी वाक्प्रचारातून. आणि जी वस्तू डोळ्यांआधी कानांवर पडते, तिच्याविषयी अतिशयोक्ती आधीच मान्य झालेली असते.

तोफेची लांबी सु. ४·४ मी., मोहऱ्याचा बाह्य व्यास सु. १·५ मी. व नळीचा आतील व्यास सु. ७० सेंमी. आहे. उंचीच्या मानाने ती आखूड व स्थूल दिसते. तिचे वजन ५५ टन असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्ष तराजूत घालता येण्यासारखी ही वस्तू नव्हे. तथापि हा आकडा केवळ कल्पित आहे असेही नाही. वरील मापांचा सरळ दंडगोल धरला, तर त्याचे घनफळ सु. ७·८ घ. मी. भरते. नळीची पोकळी वजा केल्यावर सु. ६·४ घ. मी. धातू उरतो आणि काशाची घनता लक्षात घेता त्याचे वजन ५५ टनांच्या आसपास येते. तोफेचे अंग सर्वत्र सारख्या जाडीचे नसल्यामुळे खरे वजन याहून काहीसे कमी असणार. म्हणजे ५५ टन ही वरची मर्यादा समजावी. तिच्या तोंडात बसेल असा ६५ सेंमी. व्यासाचा काळ्या पाषाणाचा गोळा सु. ४०० किग्रॅ. वजनाचा होईल व तेवढाच लोखंडी गोळा एक टनाचा. जगातील सर्वांत मोठी तोफ, हे बिरुद मात्र जपून वापरावे लागते. मॉस्को येथील क्रेमलिनमधील ‘झार’ तोफ (१५८६) लांबीला (५·३४ मी.) व नळीच्या व्यासाला (८९ सेंमी.) हिच्याहून मोठी असली, तरी वजनाने सु. ३९ टनच आहे. जयपूरजवळील जयगढावरील ‘जयबाण’ ही अठराव्या शतकातील तोफ लांबीने बरीच अधिक व वजनाने सु. ५० टनांची मानली जाते. उलट तुर्की बनावटीची, १४६४ मध्ये ओतलेली व पुढे इंग्लंडला भेट म्हणून गेलेली दार्दानेल्सची प्रख्यात तोफ १७ टनांहूनही हलकी आहे. ओतीव काशाच्या अवजड तोफांत मुलूखमैदानचे स्थान अग्रभागी आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

धातूविषयीची समजूत अशी, की ही तोफ पंचधातूंची असून तिच्यात सोन्याचांदीचाही अंश आहे, म्हणून ती भर उन्हातही तापत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक नामांकित तोफांविषयी हीच गोष्ट सांगितली जाते. जंजिऱ्याची कलालबांगडी व दौलताबादची मेंढा तोफ ही तिची ठळक उदाहरणे होत. मुलूखमैदानच्या बाबतीत पृथक्करणाने या समजुतीचा निकाल लागला आहे. तिच्यात तांबे सु. ८०·४ टक्के व कथील सु. १९·६ टक्के आहे. तोफांच्या काशात सामान्यतः कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. कथिलाचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, की तो धातू घंटेचा होतो. हलकेच टिचकी मारली असता मुलूखमैदान घंटेसारखी किणकिणते आणि तिच्या पृष्ठभागाला आरशासारखी झिलई चढते, याचे कारण तेच. घंटेचे कासे कठीण असते, पण ठिसूळही असते. तोफेच्या दृष्टीने हा गुण नव्हे, दोषच. धातूची भिंत ४० सेंमी. जाड ठेवण्यामागे ओतकाराने हा दोष भरून काढला असावा. न तापण्याचे रहस्यही याच जाडीत आहे. कासे उष्णतेचे चांगले वाहक असल्यामुळे पृष्ठभागावर पडलेले ऊन झपाट्याने आत शोषले जाते व पन्नास टनांच्या आसपासचा धातू तापण्यास दीर्घ काळ लागतो. सकाळी किंवा दुपारच्या आत हात लावणाऱ्याला ती गार लागते. शेजारचा लोखंडी पत्रा त्याच वेळी चटका देतो.

तोफेवरील तीन लेखांपैकी एकात तिच्या कर्त्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे दिले आहे. दुसऱ्यात निजामशाहाचे नाव व हि. स. ९५६ (इ. स. १५४९) हे वर्ष आहे, त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर पहिला बुर्‍हाण निजामशाह (मृ. १५५३) होता. तिसरा लेख औरंगजेबाचा असून हि. स. १०९७ (इ. स. १६८६) मध्ये विजापूर जिंकून मलिक-ए-मैदान ताब्यात घेतल्याचा उल्लेख त्यात आहे. विजापूरचे भूषण म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या तोफेवर एकाही आदिलशाहाचे नाव नाही, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ती विजापुरात ओतली, ही समजूत या लेखांपुढे टिकत नाही. ती तुर्कस्तानातून जहाजाने आणली, ही दुसरी समजूत ‘रूमी’ या शब्दातून निघाली आहे. रूम म्हणजे ऑटोमन साम्राज्याचा प्रदेश. तिकडून आलेले तोफखान्याचे जाणकार सोळाव्या शतकात गुजरात व दख्खनच्या दरबारांत मोठ्या मानाने नांदत होते. म्हणजे बाहेरून आला तो कारागीर, तोफ नव्हे. त्यांच्यातील अनेकांना ‘रूमीखान’ हा किताब मिळाला होता. गुजरातच्या बहादुरशाहाच्या पदरी एक रूमीखान होता आणि १५६५ च्या लढाईत निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान होता. किताब एक व माणसे अनेक, यामुळे एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटणे अपरिहार्यच होते; लोकपरंपरेत तोफ ओतणारा व पुढे ती रणांगणावर डागणारा हे दोघे मिळून एकच रूमीखान बनला आहे.

या रूमीखानाने ओतकामाच्या वेळी आपल्या पोटच्या मुलाचा बळी दिला व त्याच्या रक्ताने तोफेला न्हाऊ घातले, अशी एक कथा आहे. किल्ल्याचा बुरूज उभा राहीना, तलावाला पाणी लागेना, म्हणून नरबळी दिल्याच्या ज्या कथा महाराष्ट्रात गावोगाव ऐकू येतात, त्यांच्याच कुळीतली ही कथा होय. तिला लेखांचा कोणताही आधार नाही. मात्र ती ओतकामाच्याच भोवती का रचली गेली, याचा उलगडा त्या धंद्यातील जोखमीवरून होऊ शकतो. एवढा रस एका भट्टीत मावत नाही. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात साचा उभा करावयाचा, भोवती अनेक भट्ट्या पेटवून सर्वांतील रस एकाच वेळी तयार ठेवावयाचा आणि पाटांवाटे तो न थांबता साच्यात सोडावयाचा, अशी ही क्रिया असते. एखादी भट्टी मागे पडली तर आधीचा थर थिजतो व सांधा कच्चा राहतो. साच्यात ओल राहिली तर वाफेने स्फोट होऊन जवळचे लोक प्राणास मुकतात. काही महिन्यांचे श्रम व राज्याच्या खजिन्यातील तांबे घटकाभरात मातीमोल होण्याचा संभव ज्या कामात असतो, तेथे यशाची काहीतरी भयंकर किंमत मोजली गेली असलीच पाहिजे, असे लोकांना वाटते.

तोफेच्या मोहऱ्याला जबडा पसरलेल्या श्वापदाचा आकार दिलेला असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात असल्याचे दाखविले आहे. या शिल्पाचा एक अर्थ अलीकडे विशेष आवेशाने सांगितला जातो: श्वापद म्हणजे सुलतानशाही व हत्ती म्हणजे विजयानगरचे हिंदू राज्य. ही व्याख्या कालगणनेतच अडखळते. तोफ १५४९ ची. विजयानगरचा पाडाव करणारी लढाई त्यानंतर सोळा वर्षांनी झाली. इतकेच नव्हे, तर तोफ ओतली गेली त्या सुमारास बुर्‍हाण निजामशाह व विजयानगरचा रामराय हे परस्परांचे मित्र होते आणि दोघांचा समाईक शत्रू विजापूरचा इब्राहिम आदिलशाह हा होता. कल्याणीच्या मोहिमेत रामरायाचे साहाय्य निजामशाहाला झाले होते. मित्राला चिरडण्याचे चिन्ह कोरून घेण्याचे त्याला काही कारण नव्हते. विजयानगरच्या राजमुद्रेतील पशूही हत्ती नसून वराह आहे. वास्तविक हत्तीला नमविणारा सिंह, व्याल किंवा शरभ हे दख्खनच्या शिल्पातील जुने व सर्वांना ठाऊक असलेले रूप आहे. मंदिरांच्या द्वारशाखांवर ते आढळते, तसेच महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर, पायांत व शेपटीत हत्ती धरलेल्या शरभाच्या रूपानेही आढळते. कोणत्या धर्माच्या राजाने तो दरवाजा बांधला, यावरून ते बदलत नाही. हत्ती हे बळाचे परिमाण होते; त्याला गिळणारे ते त्याहून बलवान, एवढाच त्याचा भाव. मोहऱ्यावरील शिल्प पाहून त्यात आजची भांडणे वाचणाऱ्यांनी तोफेच्या अंगावरील वर्षही वाचले पाहिजे.

मुलूखमैदानची सर्वांत प्रसिद्ध कथा २३ जानेवारी १५६५ च्या लढाईची आहे. ही लढाई तालिकोट किंवा राक्षस-तंगडीची लढाई म्हणून ओळखली जाते. विजयानगरची फौज अगदी जवळ येऊन भिडली, तेव्हा गोळ्याऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफेत भरून डागण्यात आल्या व एका बारात हजारो माणसे पडली, असे सांगतात. नाण्यांची गोष्ट पूर्णपणे बनावट नाही. इतिहासकार फिरिश्ता याने चलबी रूमीखानाच्या तोफखान्याचे वर्णन करताना तोफांत तांब्याची नाणी भरल्याचे नमूद केले आहे आणि जवळच्या पल्ल्यावर अशा सुट्या धातूचा मारा गोळ्यापेक्षा अधिक संहारक ठरतो, हे तोफविद्येच्या दृष्टीने बरोबरच आहे. परंतु ते वर्णन शेकडो लहानमोठ्या तोफांच्या रांगांचे आहे. पुढे जी तोफ सर्वांत नामांकित झाली, तिच्या नावावर परंपरेने सगळा संहार जमा केला. मुलूखमैदान त्या रणांगणावर होती, असे मानण्यात व्यावहारिक अडचणी फार आहेत. अहमदनगरपासून रणभूमी तीनशे किमी.हून अधिक दूर. वाटेत सीना व भीमा या नद्या. आणि लढाई झाली ती कृष्णेच्या दक्षिण तीरावर. दोस्तांच्या फौजांनी शत्रूला हुलकावणी देऊन नदीचा उतार अकस्मात गाठला व त्या पार झाल्या. पन्नास टनांची तोफ घेऊन हुलकावणी देता येत नाही. इतक्या अवजड तोफेचे स्थान तटावर किंवा फार तर दीर्घकाळ चालणाऱ्या वेढ्यात असते. रणांगणाचा स्वामी हे तिचे नावच तिला रणांगणावर घेऊन गेले असावे.

निजामशाहीच्या उतरत्या काळात ही तोफ परांड्याच्या (धाराशिव जिल्हा, पूर्वीचा उस्मानाबाद) भुईकोट किल्ल्यात होती. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहास परांडा येथेच गादीवर बसविले होते, यावरून त्या किल्ल्याचे महत्त्व कळते. तेथे अद्यापही जुन्या तोफा पाहावयास मिळतात. परांडा आदिलशाहीच्या हाती आल्यावर, मुहम्मद आदिलशाहाच्या कारकीर्दीत (१६२७–५६) त्याचा ब्राह्मण मुत्सद्दी मुरार जगदेव याने १६३२ मध्ये मुलूखमैदान विजापूरला हलविली. त्यासाठी दहा हत्ती, चारशे बैल व शेकडो माणसे लागली, असा आकडा परंपरेने चालत आला आहे. आकडे इतके वाटोळे असले म्हणजे ते मोजलेले नसून सांगितलेले असतात; तरी काम तेवढ्या तोलाचे होते, यात संशय नाही. हाच मुरार जगदेव मराठी वाचकाला दुसऱ्या एका गोष्टीमुळे परिचित आहे. १६३३ मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगाव येथे त्याने तुलादान केले व त्या गावास तुळापूर हे नाव पडले. त्या प्रसंगी हत्तीचे वजन करण्यासाठी हत्ती नावेत चढवून नाव पाण्यात किती बुडते याची खूण केली व नंतर तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरून ते तोलले, ही युक्ती शहाजीराजांनी सुचविली, असे परंपरा सांगते.

नावेच्या या युक्तीशेजारी बुडालेल्या तोफेची कथा ठेवावी लागते. मुलूखमैदानबरोबर तिची जोडीदार ‘कडकबिजली’ नावाची दुसरी तोफही परांड्याहून निघाली होती आणि नदी उतरताना ती पाण्यात गेली, असे म्हणतात. परांडा ते विजापूर या वाटेवर सीना व भीमा याच मोठ्या नद्या आडव्या येतात. बैलांच्या पायाखालची वाळू खचली किंवा तराफा कलंडला, तर असा अपघात सहज संभवतो. बुडालेल्या वस्तूची कीर्ती मात्र वर राहिलेल्या वस्तूपेक्षा वेगाने वाढते. ती मोजता येत नाही, तिच्यावरचे लेख वाचता येत नाहीत. त्यामुळे कडकबिजली ही मुलूखमैदानहून मोठी होती, असे म्हणावयासही कोणाची हरकत नसते.

पाण्याबाहेर काढल्यावर बुडालेल्या युद्धसाहित्याच्या दंतकथांचे काय होते, याची दोन उदाहरणे परदेशातील पाणबुड्यांची आहेत व ती येथे उद्‌बोधक ठरतात. अमेरिकेतील यादवी युद्धात १७ फेब्रुवारी १८६४ रोजी दक्षिणेकडील राज्यांच्या ‘हनली’ या पाणबुडीने चार्ल्स्टन बंदराबाहेर ‘हूसाटॉनिक’ हे युद्धनौकेचे धूड बुडविले. युद्धात पाणबुडीने जहाज बुडविल्याचा हा पहिला प्रसंग होय. त्यानंतर ती स्वतः आपल्या आठ माणसांसह नाहीशी झाली. तिच्या कप्तानाजवळ प्रेयसीने दिलेले सोन्याचे नाणे होते व शायलोच्या लढाईत त्या नाण्यानेच गोळी अडवून त्याचे प्राण वाचविले होते, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. ८ ऑगस्ट २००० रोजी पाणबुडी वर काढण्यात आली. पुढच्या वर्षी आतील गाळ उपसताना कप्तानाच्या अस्थींजवळ गोळीने वाकलेले वीस डॉलरांचे नाणे मिळाले आणि त्यावर शायलोचे नाव, लढाईची तारीख व कप्तानाची आद्याक्षरे कोरलेली होती. नाणे खरे ठरले. देणारीचे नाव मात्र त्यावर नव्हते. याउलट, खलाशी बाहेर पडण्यासाठी झाकणांपाशी गर्दी करून गुदमरले असतील, ही कल्पना खोटी ठरली. त्यांच्या अस्थी ज्याच्या त्याच्या जागेवरच आढळल्या. ती पाणबुडी आज नॉर्थ चार्ल्स्टन येथील प्रयोगशाळेत द्रावणाच्या टाकीत ठेवलेली असून लोकांना पाहता येते. दुसरे उदाहरण जर्मन ‘यू-५३४’ पाणबुडीचे. मे १९४५ मध्ये कॅटेगॅटच्या समुद्रात बुडालेल्या या पाणबुडीत नाझींचे सोने असल्याची वदंता होती. १९९३ मध्ये ती वर काढली तेव्हा सोने निघाले नाही. पुढे ती इंग्लंडमधील बर्कनहेड येथे प्रदर्शनार्थ ठेवली गेली, आणि तरीही सोन्याचा विषय तिच्याबरोबर राहिलाच. वस्तू हाती आली म्हणजे दंतकथा संपते असे नाही; तिच्यातील कोणता भाग कोठून आला, ते वेगळे काढता येते.

विजापुरात मुलूखमैदान ज्या शेरझा बुरुजावर आहे, तो दुसऱ्या अली आदिलशाहाच्या काळात १६७१ मध्ये बांधला गेला. मक्का व शहापूर या दरवाजांच्या दरम्यान, शहराच्या पश्चिम तटावर तो आहे. जवळच १५८४ चा उपरी बुरूज असून त्यावरील लांबचर्री ही सु. ९ मी.हून अधिक लांबीची तोफ पट्ट्या व कडी जोडून घडविलेल्या लोखंडाची आहे. ओतीव व घडीव या दोन पद्धतींतील फरक थोड्याशा चालण्यात पाहता येतो, अशी ठिकाणे फार नाहीत. प्रवासी सहसा मुलूखमैदान पाहून परततात. शेरझा बुरुजावर तोफेच्या बाजूस पाण्याचे टाके आहे. बत्ती देताच गोलंदाज त्यात बुडी मारी, एरवी आवाजाने त्याच्या कानठळ्या बसून तो मरण पावला असता, असे वाटाडे आवर्जून सांगतात. हवेतील ध्वनी पाण्यात शिरताना बहुतांशी परावर्तित होतो, म्हणून ही कल्पना भौतिकीच्या विरुद्ध नाही. परंतु बारानंतर नळी ओल्या पोताऱ्याने पुसून आतील ठिणग्या विझविणे, दारूच्या साठ्याजवळ आग लागल्यास पाणी हाताशी असणे, ही कामे प्रत्येक अवजड तोफेपाशी असत व त्यांसाठी टाके लागतच असे. कानांत कापूस व लांब दोरीची बत्ती हे उपाय त्या काळच्या गोलंदाजांना ठाऊक होते. बुडी मारण्याची कसरत त्यांहून सोपी नव्हती.

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून दौलताबाद पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला अशाच तऱ्हेची दुसरी तोफ आढळते. पार्श्वभागी मेंढ्याचे मस्तक असल्यामुळे लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. तिच्यावर औरंगजेबाचे व मुहम्मद हुसेन अरब या कारागिराचे नाव असून ‘किल्ला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असे तिचे नाव कोरलेले आहे. किल्ला फोडावयाची ही तोफ किल्ल्याच्याच रक्षणासाठी बुरुजावर बसली. नावे व प्रत्यक्ष काम यांची फारकत मुलूखमैदानपुरतीच मर्यादित नाही.

मराठी राज्याच्या अस्तानंतर १८१८ मध्ये विजापूर इंग्रजांच्या व्यवस्थेने साताऱ्याच्या छत्रपतींकडे गेले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ते ब्रिटिश अमलाखाली आले. ही तोफ इंग्लंडच्या राजाला नजर करावी, असा विचार इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रारंभीच केला होता. तोफेचे ओझे व त्या काळचे रस्ते यांचा मेळ बसेना, म्हणून तो सोडून द्यावा लागला. पुढे १८५४ मध्ये निरुपयोगी सरकारी चीजवस्तू विकून टाकण्याचा आदेश साताऱ्याच्या कमिशनरकडून निघाला व त्यात मुलूखमैदानही लिलावात निघाली. सर्वांत वरची बोली १५० रुपयांची झाली. तिच्यातील तांबेच चाळीस टनांच्या घरात जाईल. परंतु ते फोडून न्यावयाचे कसे, हा प्रश्न बोली करणाऱ्यापुढेही असणारच. विक्री कायम करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने एक गोष्ट वरिष्ठांच्या निदर्शनास आणली. आसपासचे लोक या तोफेला मानतात, तिच्यापुढे नमस्कार करतात, तेव्हा ती विकणे योग्य होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. विक्री रद्द झाली. निजामशाहाचे वर्ष, रूमीचे नाव व औरंगजेबाचा विजय ज्या धातूवर कोरले होते, तो धातू वितळला जाण्यापासून वाचला तो या लेखांमुळे नव्हे. ते वाचणारे त्या वेळी थोडेच होते. तो वाचला शेंदूर-फुले वाहणाऱ्या, नवस बोलणाऱ्या लोकांमुळे.

सध्या मुलूखमैदान भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली त्याच बुरुजावर आहे. तोफेला हात लावून मनातली इच्छा बोलून दाखविली असता ती पुरी होते, ही समजूत अद्याप रूढ आहे. असंख्य हात फिरल्यामुळे हात पोहोचेल तेथपर्यंतचा धातू उजळलेला दिसतो.